कांद्याचं पाणी आणि खत (गोवा)

गोव्यात कांदा घेतात तो वायंगणात, म्हणजे पावसाळी भात कापून झालं की. नोव्हेंबरात रोप टाकायचं, साधारण सहा-सात आठवड्यांनी लावायचं आणि मार्च-एप्रिलात काढायचं. बार्देश तालुक्यात साळगाव, पर्रा, पिळर्ण भागातला लाल कांदा मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, बाजारात माळा करून येतो. इथला सगळा हिशोब या माळेभोवतीच फिरतो कारण माळ पावसाळाभर टिकायला हवी, नुसता मोठा कांदा पिकवून काय उपयोग.

कांद्याची मुळं उथळ, बहुतेक वरच्या वीतभर मातीतच, त्यामुळे एकदम भरपूर पाणी दिलं तर ते खाली निघून जातं आणि सोबत युरियाही घेऊन जातं. लावताना एक पाणी, तिसऱ्या दिवशी आंबवणी म्हणजे रोप धरायला दिलेलं हलकं पाणी, मग रेताड जमिनीत चार-पाच दिवसांनी आणि भारी जमिनीत आठ-दहा दिवसांनी. ठिबक असेल तर रोज थोडं थोडं देता येतं. कांदा पोसायला लागला की मात्र पाण्याची पाळी चुकवू नये, आधी पाण्याचा ताण देऊन मग घाईघाईने भरपूर पाणी सोडलं की कांदे फुटतात, जोड कांदे होतात. खाजनाजवळच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतजमिनीजवळच्या) बांयचं, म्हणजे विहिरीचं, पाणी एप्रिलकडे खारट होतं आणि कांद्याला मीठ अजिबात सोसत नाही. पातीचे शेंडे जळायला लागले की लगेच करपा (पात करपवणारा बुरशीचा रोग) समजून फवारणी करायला धावतात लोक, आधी पाणी चाखून बघा ना!

खताचं म्हणाल तर हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश ही नेहमीची शिफारस. पण इथे कोणाकडे हेक्टर असतो, इथला हिशोब चौरस मीटरमध्ये. १००० चौरस मीटरला साधारण नत्रासाठी २२ किलो युरिया, स्फुरदासाठी ३१ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि पालाशासाठी ८ किलो म्युरेट ऑफ पोटॅश बसतं, आणि दोनेक टन कुजलेलं शेणखत आधीच मातीत मिसळलेलं हवं. सुपर फॉस्फेटच घ्यावं कारण त्यात गंधक येतं आणि कांद्याचा तिखटपणा गंधकावरच असतो. युरियाचे तीन भाग करावे, लावताना, ३० दिवसांनी आणि ४५ दिवसांनी. बाकी सगळं लावतानाच. आपली जांभ्याची माती आंबट, त्यातलं लोह-ॲल्युमिनियम स्फुरद धरून ठेवतं म्हणून माती तपासून गरज असेल तर लावणीच्या दोन-तीन आठवडे आधी चुना घालतात.

आता सगळ्यात जास्त चूक होते ती शेवटी. पात हिरवीगार दिसावी म्हणून दोन महिन्यांनंतरही युरिया टाकतात, मग मान (कांद्याला पात जुळते तो भाग) जाड राहते, वाळत नाही आणि माळेतला कांदा जुलैत मानेकडून सडतो. म्हणून ४५ दिवसांनंतर नत्र नाहीच. काढणीच्या १०-१५ दिवस आधी पाणीही तोडायचं. निम्म्या माना पडल्या की उपटायचा, पात न कापता तीन-चार दिवस शेतातच सुकवायचा, एकाच्या पातीखाली दुसऱ्याचा कांदा झाकून, म्हणजे ऊन लागत नाही. माळ विणायला हीच सुकलेली पात लागते, ओल्या पातीची वेणी आठवड्याभरात काळी पडते.