हृदय व मज्जासंस्थेचे विकार : प्राथमिक ओळख

हृदयाचे आणि मेंदू-मज्जातंतूंचे आजार कशामुळे होतात, ते कसे ओळखावेत आणि डॉक्टर गाठेपर्यंत काय करावे, एवढे ज्ञान या नोंदीत अभिप्रेत आहे. शाळेच्या पुस्तकात हृदयाचा धडा वेगळा आणि मेंदूचा वेगळा असतो. आजारी माणसात मात्र दोन्ही एकमेकांत गुंतलेले असतात. एखाद्या आजींची नाडी महिनोन्‌महिने वेडीवाकडी चालते, कुणाचे लक्ष जात नाही, आणि एका सकाळी त्यांचा उजवा हात उचलत नाही. आजार हाताचा वाटतो, पण त्याचे मूळ हृदयात असते. म्हणून हे दोन विषय एकत्र शिकलेले बरे.

हृदय मुठीएवढे असते आणि दिवसाला सुमारे १ लाख ठोके देते. त्याच्या चार गोष्टी ध्यानात ठेवल्या की बहुतेक हृदयविकारांची जागा कळते : आकुंचन पावणारा स्नायू, रक्त एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या चार झडपा, खुद्द हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या करोनरी रक्तवाहिन्या, आणि उजव्या अलिंदातली (अलिंद म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा) ठोक्याची वीज निर्माण करणारी छोटी गाठ. करोनरी गुठळीने बंद झाली तर हृदयविकाराचा झटका येतो. झडप आखडली किंवा गळू लागली की दम लागतो. विजेचा मार्ग बिघडला की ठोके चुकतात, आणि स्नायू थकला की पायांवर सूज येते व आडवे झाल्यावर श्वास कोंडतो.

‘झटका’ आणि ‘हृदय बंद पडणे’ यांत लोक नेहमी गल्लत करतात. झटका आलेला माणूस बहुधा शुद्धीवर असतो, बोलतो, छाती आवळल्यासारखी वाटते म्हणतो. हृदय बंद पडलेला माणूस क्षणात कोसळतो, हाक मारल्यास ओ देत नाही आणि त्याचा श्वास थांबतो किंवा आचके दिल्यासारखा होतो. तेव्हा छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहणे हाच प्रथमोपचार आहे.

मुंबईत झटका आलेल्या माणसाचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे ‘गॅस झाला असेल’ हे वाक्य. दुखणे डाव्या हातात, जबड्यात, पाठीत गेले, सोबत दरदरून घाम सुटला, तर सोडा पिऊन वाट पाहणे धोक्याचे. त्यातही मधुमेहींची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षांच्या साखरेने त्यांचे मज्जातंतू बोथट झालेले असू शकतात, त्यामुळे कधीकधी दुखणे येतच नाही. नुसता घाम, मळमळ किंवा जिना चढताना कधी नव्हे तो दम, एवढेच दिसते. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून निश्चिंत होऊ नये. झटक्याच्या सुरुवातीला तो साधा दिसू शकतो, म्हणून तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात.

मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के, पण प्राणवायूचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्याला लागतो, आणि साठा करून ठेवण्याची सोय त्याच्याकडे नाही. म्हणून रक्त अडले की नुकसान मिनिटांच्या हिशेबाने होते : मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. यालाच पक्षाघात, अर्धांगवायू किंवा बोलीत लकवा म्हणतात. बहुतेक पक्षाघात, साधारण ८० ते ८५ टक्के, रक्तवाहिनी बंद झाल्याने होतात. उरलेले ती फुटल्याने. दोन्हींचे उपचार अगदी उलट असल्याने सीटी स्कॅन झाल्याशिवाय रक्त पातळ करणारी गोळी घरच्या घरी देऊ नये.

ओळखण्याची रीत सोपी आहे. माणसाला हसायला सांगा. ओठाचा एक कोपरा खाली राहतो. ‘दोन्ही हात समोर धरा, तळवे वर, डोळे मिटा’ असे सांगून दहा सेकंद बघा. कमजोर हात हळूहळू खाली उतरतो आणि तळवा आतल्या बाजूला वळतो. कधीकधी त्या माणसाला स्वतःला ते कळतही नाही. मग आजचा वार आणि घराचा पत्ता विचारा. जीभ जड झाली, शब्द सापडेना, तर थांबू नका. तेल चोळणे, पारव्याचे रक्त लावणे यात सोन्यासारखा वेळ जातो. पाणीही पाजू नये, कारण गिळण्याची शक्ती गेलेली असू शकते आणि पाणी फुप्फुसात उतरते.

आता त्या आजींच्या नाडीकडे. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे हलकी ठेवली की ठोके लागतात. ते ठरावीक अंतराने न येता मनाला येईल तसे, कधी दोन लगोलग, कधी मध्ये पोकळी असे आले, तर अलिंदे नीट आकुंचन न पावता नुसती थरथरत असण्याची शक्यता असते. अशा अलिंदात रक्त साचते, गुठळी होते आणि मेंदूकडे निघते. रक्ताची गुठळी होऊ न देणारे औषध वेळेवर सुरू झाले तर यातले बरेच पक्षाघात टळतात. नाडी पाहायला यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. घरोघरी ही सवय लागायला हवी.

दोन्ही संस्थांना एकाच वेळी गाठणारा आजार म्हणजे संधिवाताचा ताप. दाटीवाटीच्या वस्तीत मुलांमध्ये घशाचा जंतुसंसर्ग सहज पसरतो. त्या जंतूंशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती काही मुलांत स्वतःच्याच सांध्यांवर, झडपांवर आणि मेंदूच्या आतल्या केंद्रांवर उलटते. मग मुलाचे अक्षर अचानक बिघडते, हातातला कप पडतो, वर्गात हातपाय उगाच हलत राहतात, आणि ते चुळबुळे म्हणून ओरडा खाते. हा खोडकरपणा नव्हे, ‘कोरिया’ म्हणजे हातपाय आपोआप हलण्याचा विकार आहे. त्याची झडप तपासली पाहिजे. झडप वाचवण्यासाठी दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते.

या विषयात मुंबईचा वाटा मोठा आहे. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदय प्रत्यारोपण केले. केप टाउनमधल्या, जगातल्या पहिल्या मानवी हृदय प्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला, पण त्या धाडसाची नोंद झालीच पाहिजे. जे. जे. रुग्णालयात काम केलेले डॉ. नोशीर वाडिया यांनी १९७१ मध्ये तोल जाण्याच्या एका आनुवंशिक आजाराचे वर्णन केले. त्यात रुग्णाची नजर एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे झटकन जात नाही, संथपणे सरकते. त्याच सुमारास शहरात डोळे येण्याची साथ होती, आणि त्यानंतर काही जणांचे पाय पोलिओसारखे लुळे पडले. ते दुखणे त्या साथीच्या विषाणूचेच आहे, हे दाखवून देण्यातही वाडिया होते.

फीट किंवा आकडी म्हणजे मेंदूतल्या विजेचा अचानक उसळलेला लोंढा. फलाटावर कुणाला फीट आली की कुणीतरी कांदा, चप्पल हुंगवायला आणते, कुणी दातांत चमचा घालते. यातले काहीही करू नये. आसपासची जागा मोकळी करावी, डोक्याखाली पिशवी ठेवावी, झटके थांबले की कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. ५ मिनिटांत थांबले नाही तर रुग्णवाहिका. उपवासाच्या दिवशी गर्दीच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या येणारी चक्कर मात्र बहुतेक वेळा साधी असते : नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, आडवे करून पाय उचलले की माणूस सावरतो.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे आणि मुंबईच्या अरुंद गल्ल्यांसाठी २०१७ पासून तिच्या मोटारसायकलीही आल्या. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पक्षाघातात साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून रुग्णालयात डॉक्टर सर्वांत आधी विचारतात, ‘यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं होतं?’ पहाटे ५ ला उठल्यावर हात हलत नसेल, तर वेळ ५ पासून मोजत नाहीत. रात्री झोपायला जाताना ते बरे होते, त्या घटकेपासून मोजतात.