कॉर्डची शब्दसूची आणि कोमल पंचमाचा पेच

गणपती जवळ आले की कोल्हापुरात ऑर्केस्ट्राच्या तालमी लागतात आणि कीबोर्डवाल्याच्या मांडीवर ती लांबट वही येते. गाण्याच्या ओळीवर कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांच्या जुडीची, अक्षरं. मायनर प्रकाराला ‘मा’, मेजर प्रकाराला काहीच नाही. इंग्रजी वहीत मोठा एम म्हणजे मेजर आणि छोटा एम म्हणजे मायनर. घाईत लिहिलं की दोन्ही सारखेच दिसतात. देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नसल्यामुळे आपण त्या घोळातून आयते सुटलो. संगणकाला वाचता येईल अशी कॉर्डची भाषा ठरवायला जे बसले, त्यांना मात्र असल्या प्रत्येक सवयीचा निकाल लावावा लागला.

जुना इतिहास थोडक्यात. युरोपात १६००च्या सुमारास खर्जाच्या स्वरांना आकडे जोडून वर काय वाजवायचं ते सुचवत. एकोणिसाव्या शतकात रोमन अंक आले, विसाव्यात जाझवाल्यांची अक्षरं. हे सगळं वाजवणाऱ्या माणसासाठी होतं. राहिलेलं तो कानानं भरून काढायचा. १९८३मध्ये मिडी, म्हणजे कीबोर्ड आणि संगणक यांना जोडणारी संकेतपद्धत, आली आणि पट्ट्यांना क्रमांक मिळाले: मधला सी ६०, शेजारची काळी ६१. पण कॉर्ड ही गोष्ट मिडीच्या गावीही नव्हती. २००४च्या म्युझिक-एक्सएमएल या नोटेशनच्या फाइल-प्रकारात कॉर्डचा मूळ स्वर, प्रकार आणि खालचा स्वर यांना वेगवेगळे कप्पे मिळाले. छापील नोटेशनसाठी ते पुरेसं होतं.

खरं वळण २००५चं. रेकॉर्ड ऐकून संगणकाला कॉर्ड ओळखायला शिकवायचं, तर आधी माणसांनी बिनचूक लिहिलेले नमुने हवेत. त्यासाठी साध्या मजकुराची एक लेखनपद्धत मांडली गेली: आधी मूळ स्वर, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग प्रकाराचं आखूड नाव, कंसात जादा स्वर, तिरप्या रेघेनंतर खर्जातला स्वर. वगळलेल्या स्वराला तारा, कॉर्डच नसेल तिथं नुसता ‘एन’. बीटल्स या लिव्हरपूलच्या चौकडीच्या बारा अल्बममधली १८० गाणी या पद्धतीनं लिहून काढली गेली. २००७मध्ये तिचीच वेबसाठी शब्दसूची झाली. तिच्यात कॉर्ड, स्वर आणि अंतर या वेगळ्या वस्तू, आणि त्यांना जोडणारी नाती ठरलेली.

यातली एक गोष्ट आपल्या माणसाला लगेच पटते. कॉर्डमधले स्वर नावानं न सांगता मूळ स्वरापासूनच्या अंतरानं सांगायचे. तिरप्या रेघेखालचा स्वरसुद्धा तसाच. वहीत ‘सी/ई’ असतं, इथं ‘सी/३’, म्हणजे सीपासून तिसरा. गायकानं ऐन वेळी ‘काळी एक नको, पांढरी एक धर’ म्हटलं तर फक्त पहिलं अक्षर बदलतं. सा कुठंही ठेवा, कोमल गंधार कोमल गंधारच राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दरबारी आश्रयानं जयपूर घराण्याची गायकी जिथं रुजली, त्या कोल्हापूरला हे वेगळं शिकवायला नको. म्युझिक-एक्सएमएलचा खर्ज मात्र स्वराच्या नावानंच लिहायचा. माझ्या मते तो निर्णय गैरसोयीचा.

वाद आहे तो पुढच्या निर्णयाचा. सूचीनं स्वर म्हणजे पट्टी मानली नाही, स्पेलिंग मानलं. सी शार्प आणि डी फ्लॅट दोन वेगळे स्वर: एक म्हणजे सी अधिक चढ, दुसरा डी अधिक उतार. हार्मोनियमवर दोन्ही काळी एक, मिडीत दोन्ही ६१. मग डिमिनिश्ड सेव्हन्थ ही चार स्वरांची कॉर्ड कशी लिहायची? १, उतरलेला ३, उतरलेला ५ आणि दोनदा उतरलेला ७. हे मी मंगळवार पेठेतल्या एका कीबोर्डवाल्याला आपल्या भाषेत सांगितलं: सा, कोमल ग, कोमल प, दुहेरी कोमल नी. त्यानं वही मिटली. ‘पंचम कुठं कोमल असतोय व्हय, भावा?’

त्याचं चुकत नव्हतं. आपल्याकडे सा आणि प अचल. त्या जागेवर जो स्वर आहे तो तीव्र मध्यम, आणि दोनदा उतरवलेला निषाद म्हणजे चक्क शुद्ध धैवत. पण सूचीवाल्यांचाही मुद्दा पोकळ नव्हता. कॉर्ड एक-आड-एक स्वर घेऊन रचायची, १-३-५-७, म्हणून तिथं पाचवाच हवा. चौथा लिहिला तर आवाज तोच राहील, पण कॉर्ड कशी रचली आहे आणि पुढं कुठं जाणार आहे, हा धागा तुटेल. एकदा पट्टीचा क्रमांक लिहिला की त्यावरून स्पेलिंग खात्रीनं परत काढता येत नाही. उलटा प्रवास सोपा आहे. म्हणून जास्तीची माहिती ठेवायची, असं ठरलं. मला ते मान्य आहे, कुरकुर करत.

या हट्टाला वेबनं एक टोला दिलाच. शार्पच्या जागी सगळे # टाइप करतात, आणि वेबच्या पत्त्यात # आला की पुढचा भाग सर्व्हरकडे जातच नाही. पत्त्यात सी# मायनर मागितलं तर पलीकडे पोचणार नुसता सी. तेव्हा पत्त्यापुरता # काढून ‘एस’ हे अक्षर घ्यावं लागलं. चढलेल्या स्वरांची नावं मजकुरात एक आणि पत्त्यात दुसरी झाली.

२००८पासून कॉर्ड ओळखणाऱ्या प्रोग्रामांच्या वार्षिक चाचण्या सुरू झाल्या. त्यांत नेहमीची मोजणी १२ मेजर, १२ मायनर आणि एक ‘कॉर्ड नाही’, अशा २५ खान्यांची. सी शार्प आणि डी फ्लॅट एकाच खान्यात, म्हणजे पुन्हा काळी एक. जपलेलं स्पेलिंग मोजताना बाजूला. २०१४च्या सुमारास अशा नोंदींसाठी आलेल्या नव्या फाइल-प्रकारानंही २००५ची एका ओळीची पद्धतच उचलली. वस्तू आणि नात्यांचा थाट घेतला नाही. टाइप करायला ओळ सोपी, हे त्यामागचं एक साधं कारण असावं.

मंगळवार पेठेतल्या वहीत त्या कॉर्डसमोर पेन्सिलीनं लिहिलंय: सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध.