अफूबंदीनंतर बाजारात काय येते

तालिबानने एप्रिल २०२२ मध्ये अफूवर बंदी घातली आणि त्या वर्षी अफगाणिस्तानातील उत्पादनाचा आकडा आला ६,२०० टन. बंदी फसली, असा अर्थ काहींनी लगेच लावला. तो चुकीचा होता. तिथे अफू मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरतात, आणि बोंडांना चिरा देऊन चीक गोळा करतात तो एप्रिल-मेच्या सुमारास. बंदी जाहीर झाली तेव्हा पीक उभे होते आणि ते काढू दिले गेले. खरा परिणाम पुढच्या हंगामात दिसला: लागवड २,३३,००० हेक्टरवरून १०,८०० हेक्टरवर, उत्पादन ३३३ टनांवर.

तरीही अफूपासून बनणाऱ्या हेरॉइनचा पुरवठा लगेच आटला नाही. नीट वाळवलेली अफू वर्षानुवर्षे टिकते, त्यामुळे व्यापारी आणि मोठे जमीनदार साठा धरून होते. बंदीआधी किलोला शंभर डॉलरच्या आसपास असलेला भाव २०२४ च्या पूर्वार्धात सातशेच्या वर गेला. ज्याच्या कोठारात माल होता तो श्रीमंत झाला. पेरणीआधीच पिकावर उचल घेऊन हिवाळा काढणाऱ्या बटाईदाराच्या हाती मात्र ना पीक राहिले, ना उचल फेडायचे साधन. कुठल्याही बंदीचा हिशेब मांडताना हा माणूस नेहमी सुटतो, आणि तो सुटतो म्हणूनच बंदी टिकत नाही.

असे पहिल्यांदा घडले नाही. फ्रान्समार्गे अमेरिकेत पोहोचणाऱ्या हेरॉइनची अफू तुर्कस्तानातून येत असे. अमेरिकेच्या दबावाखाली तुर्कस्तानने १९७१ मध्ये बंदी जाहीर केली, पण १९७४ मध्ये वेगळी वाट धरली. शेती परवान्यावर, बोंडाला चिरा द्यायला मनाई, वाळलेले बोंड सरकारने विकत घ्यायचे आणि मॉर्फिन, म्हणजे अफूतले वेदनाशामक द्रव्य, कारखान्यात काढायचे. शेतात चीकच निघत नसल्याने चोरून विकायला काही उरत नाही. शिवाय चिरलेले बोंड दुरूनही ओळखू येते, त्यामुळे तपासणी सोपी. शेतकऱ्याचे उत्पन्न शाबूत ठेवून गळती थांबवल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल. पण बेकायदा मागणी संपली नाही. ती मेक्सिको आणि आग्नेय आशियाकडे वळली.

तालिबानच्या २००० मधील पहिल्या बंदीने उत्पादन वर्षभरात ३,२७६ टनांवरून १८५ टनांवर आणले. त्यानंतरच्या हेरॉइन टंचाईत एस्टोनियाच्या बाजारात फेंटानिल हे प्रयोगशाळेत बनणारे, अफूसारखी नशा देणारे रसायन शिरले. अफगाणिस्तानात पीक पुन्हा वाढले, तरी तिथे हेरॉइन परतले नाही. कारण साधे आहे: फेंटानिल मॉर्फिनच्या सुमारे शंभर पट तीव्र, म्हणजे तेवढ्याच नशेसाठी वाहून न्यायचा माल अगदी थोडा, आणि त्याला ना शेत लागते ना पाऊस. पुढे अनेक वर्षे अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण युरोपीय संघात सर्वाधिक असलेल्या देशांत एस्टोनिया राहिला.

२०२३ मध्ये १,०८० टन उत्पादनासह म्यानमार अफूत पहिल्या क्रमांकावर गेला. मात्र तिथल्या शान प्रांतातला मोठा धंदा आता मेथॲम्फेटामाइन (मेथ) या उत्तेजक रसायनाचा आहे. त्याची ‘याबा’ ही गोळी साधारण ९० मिलिग्रॅमची असते आणि तिच्यात मेथपेक्षा कॅफिनच जास्त असते. पूर्व आणि आग्नेय आशियात २०२१ मध्ये अशा गोळ्यांची जप्ती प्रथमच शंभर कोटींपलीकडे गेली.

जप्तीचा हा आकडा एकटा वाचू नये. तो पोलीस किती कामाला लागले हेही सांगतो. सोबत किरकोळ भाव आणि शुद्धता पाहावी. जप्ती वाढली आणि भावही चढला, तर पुरवठ्याला चिमटा बसला असे मानायला जागा आहे. थायलंडमध्ये जप्ती वाढत असताना गोळी स्वस्त होत गेली. याचा अर्थ, पकडलेल्यापेक्षा कितीतरी जास्त माल पुढे सरकत होता.

सेवनाचा अंदाज घ्यायला सांडपाण्याची तपासणी उपयोगी पडते. शुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी चोवीस तास थोडे थोडे पाणी गोळा करायचे, हे सलग सात दिवस, आणि दर हजार माणसांमागे रोज किती मिलिग्रॅम हे काढायचे. कोकेनसाठी मोजतात ते बेंझॉइलएकगोनिन, म्हणजे शरीरात कोकेनपासून बनून लघवीतून बाहेर पडणारे द्रव्य. मूळ कोकेन मोजले तर गटारात ओतून दिलेला मालही हिशेबात येतो. मात्र शंभर जणांनी थोडेथोडे घेतले की दहा जणांनी भरपूर, हे या आकड्यावरून कळत नाही.

एस्टोनियातली फेंटानिलची मोठी टोळी २०१७ मध्ये मोडली आणि मृत्यू घटले. मग निटाझिन आले. स्वित्झर्लंडमध्ये १९५० च्या दशकात शोधलेली, औषध म्हणून कधीच बाजारात न आलेली ही ओपिऑइडे, म्हणजे अफूसारखा परिणाम करणारी द्रव्ये. २०२३ मध्ये एस्टोनियातील अमली पदार्थांमुळे झालेल्या मृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांत ती आढळली. फेंटानिल ओळखणाऱ्या चाचणीपट्टीवर ती दिसत नाहीत. नॅलोक्सोन या अतिसेवनावरच्या औषधाने उतार पडतो, पण एका मात्रेवर भागेलच असे नाही, म्हणून दुसरी मात्रा जवळ ठेवावी लागते आणि श्वास सुरू झाल्यावरही माणसाला एकटे सोडता येत नाही.