पोर्शे ९११च्या एअर-कूल्ड इंजिनाचे अंतर्गत भाग: निवडीमागची पार्श्वभूमी

पोर्शे ९११चे जुने एअर-कूल्ड इंजिन पुन्हा बांधायला घेणारा माणूस बहुधा आधी पिस्टनबद्दल विचारतो: किती मिलिमीटरचे घ्यावेत, कोणत्या बनावटीचे, किती कॉम्प्रेशनचे (म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबणारे). या इंजिनाचा इतिहास पाहिला तर सुरुवात क्रँककेसपासून, म्हणजे क्रँकशाफ्टला सामावणाऱ्या आणि सिलिंडर ज्यावर बसतात त्या कवचापासून, व्हायला हवी, कारण पिस्टन, सिलिंडर आणि स्टड (सिलिंडर व हेड क्रँककेसला आवळून धरणारे लांब बोल्ट) यांच्याविषयीचे बहुतेक पर्याय क्रँककेसच्या धातूतून निर्माण झालेल्या अडचणींवरची उत्तरे आहेत.

१९६३च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात मांडल्या गेलेल्या या गाडीचे सहा सिलिंडरचे इंजिन १,९९१ सीसीचे होते. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ६६ मिलिमीटर आणि शक्ती १३० अश्वशक्ती. त्याच्या रचनेत पोर्शेचे अभियंते हान्स मेझगर यांचा वाटा मोठा होता. सुरुवातीची क्रँककेस ॲल्युमिनियमची होती. मात्र इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जात असे, आणि तिथला प्रत्येक किलो कमी करणे गरजेचे होते. म्हणून १९६८च्या सुमारास क्रँककेस मॅग्नेशियमची झाली. दोन लिटरच्या इंजिनाला ती पुरेशी होती. पुढे बोअर ८४ मिलिमीटर झाला, स्ट्रोक ७०.४ मिलिमीटर झाला, क्षमता २.२ आणि २.४ लिटरवर गेली, तरी क्रँककेसचा मूळ आराखडा तोच राहिला.

खरा ताण १९७३च्या कॅरेरा आरएसपासून सुरू झाला. ९० मिलिमीटर बोअर आणि २,६८७ सीसी क्षमता गाठायची, पण सिलिंडरच्या स्टडमधले अंतर बदलायचे नाही, अशी अट होती. तोपर्यंतच्या सिलिंडरमध्ये लोखंडी लायनरभोवती ॲल्युमिनियमच्या फिन असत. लायनरसाठी लागणारी जाडी आता उरली नव्हती. माहले कंपनीने मुळात व्हांकेल (पिस्टनऐवजी फिरता रोटर असलेल्या) इंजिनासाठी विकसित केलेला निकासिल हा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर पोर्शेने ९१७ या शर्यतीच्या गाडीत वापरून पाहिला होता. तोच थर दिलेले संपूर्ण ॲल्युमिनियमचे सिलिंडर आरएसमध्ये बसवण्यात आले आणि इंजिनाने २१० अश्वशक्ती दिली.

परंतु या सिलिंडरसाठी क्रँककेसमधली भोके ९२वरून ९७ मिलिमीटरपर्यंत वाढवावी लागली, त्यामुळे स्टडभोवतीचे मॅग्नेशियम कमी झाले. शिवाय १०० मिलिमीटर लांबीचे ॲल्युमिनियम १०० अंश तापले की सुमारे ०.२३ मिलिमीटर वाढते, तर तेवढेच पोलाद जेमतेम ०.१२ मिलिमीटर. सिलिंडर वाढतो, पोलादी स्टड तितका वाढत नाही आणि सारा ओढा मऊ मॅग्नेशियममधल्या आट्यांवर येतो. १९७४नंतरच्या २.७ लिटर इंजिनांत आटे जाण्याची तक्रार सर्वत्र झाली. अमेरिकेत पाठवलेल्या काही इंजिनांना धुरातले प्रदूषण कमी करण्यासाठी थर्मल रिॲक्टर (न जळालेला वायू एक्झॉस्टमध्येच जाळणारे भांडे) लावले होते. त्यांनी हेडच्या खालची उष्णता आणखी वाढवली. यावर पोर्शेने डिलाव्हार या मिश्रधातूचे स्टड आणले. त्यांचे प्रसरण ॲल्युमिनियमच्या जवळ जाणारे आहे, पण गंजामुळे ते काही वर्षांनंतर तुटतात, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की आज अनेक कारागीर साधे पोलादी स्टडच पसंत करतात. मॅग्नेशियमच्या केसमध्ये पोलादी आट्यांचे इन्सर्ट (भोकात बसवायच्या आटेदार नळ्या) बसवल्याशिवाय पुढचे काही करणे, माझ्या मते, पैसे वाया घालवणे आहे.

मॅग्नेशियम पुरेसे नाही, हे कारखान्यानेही अखेर मान्य केले. १९७५च्या ९३० टर्बोला ॲल्युमिनियमची क्रँककेस मिळाली, आणि १९७८च्या ९११ एससीमध्ये ९५ × ७०.४ मापांचे २,९९४ सीसीचे इंजिन त्याच धातूच्या केसमध्ये आले. म्हणूनच एससीची केस आजही पुनर्बांधणी करणाऱ्यांची आवडती आहे: ९८ मिलिमीटरचे पिस्टन आणि सिलिंडर घातले की मूळ क्रँकशाफ्टवरच ३,१८६ सीसी मिळतात. एससीच्या काही इंजिनांत मात्र ॲलुसिलचे, म्हणजे सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचे, सिलिंडर आहेत. त्यांना साध्या पद्धतीने होनिंग (आतली भिंत घासून नीट करणे) करता येत नाही आणि लोहाचा थर दिलेलेच पिस्टन लागतात. निकासिलचा सिलिंडर मापात असेल तर नव्या रिंगवर पुन्हा चालतो. ॲलुसिलबद्दल तशी खात्री कमी कारागीर देतात.

पिस्टनचा आकार कॅमशाफ्टशीही, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याशीही, बांधलेला आहे. १९७४पासून बहुतेक ९११मध्ये आलेल्या के-जेट्रॉनिक या इंधन फवारणाऱ्या पद्धतीला सौम्य (व्हॉल्व्ह कमी उघडणारा) कॅम लागे, त्यामुळे तिच्या पिस्टनवर व्हॉल्व्हसाठी खोलगट जागा फारशी ठेवलेली नाही. कार्बुरेटर बसवून तीव्र कॅम घालणाऱ्याने पिस्टन तसेच ठेवले, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

१९८४च्या ३.२ लिटर कॅरेराने टर्बोचा ७४.४ मिलिमीटर स्ट्रोक घेतला आणि सुधारित, तेलदाबावर चालणारे चेन टेन्शनर (कॅमशाफ्टची साखळी ताणून ठेवणारे भाग) आणले, जे जुन्या इंजिनांनाही बसवता येतात. पण त्याच्या कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ९ मिलिमीटरचे, म्हणजे बारीक आहेत. शर्यतीच्या वेगात ते धोक्याचे ठरतात, त्यामुळे इंजिन उघडले की ते बदलणे ही आता रीतच आहे.

कॉम्प्रेशनचा प्रश्न मात्र हेडने ठरवला. अर्धगोलाकार ज्वलनकक्षात उंच घुमटाचा पिस्टन आला की एका स्पार्क प्लगची ज्योत सगळीकडे वेळेत पोहोचत नाही. शर्यतीच्या इंजिनांत म्हणून दोन प्लग आधीपासून असत. रस्त्यावरच्या ९११ला ते ९६४ या नंतरच्या पिढीच्या ३.६ लिटर इंजिनाबरोबर, ११.३ कॉम्प्रेशनसह मिळाले. एकच प्लग ठेवून उंच घुमटाचे पिस्टन आजही विकले जातात. रस्त्यावरच्या पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीत ९.५च्या फार वर जायचे असेल, तर हेडमध्ये दुसऱ्या प्लगसाठी जागा करून घेण्याचा आणि त्याला लागणाऱ्या इग्निशनचा खर्च पिस्टन मागवण्याआधीच धरायला हवा.