नियमपुस्तिका आहे, पण ती राबवायची कोणी? अमेरिकेतील मोबाइल होम पार्कांमधल्या जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

शेजारच्या प्लॉटवर बंद पडलेल्या गाड्या महिनोन्‌महिने उभ्या असतात, रात्री दहानंतरही स्पीकर चालू असतो, कुत्रे मोकळे फिरत असतात. मोबाइल होम पार्क म्हणजे कारखान्यात बनवून आणलेली घरे भाड्याच्या जागेवर उभी असलेली वसाहत. तिच्या नियमपुस्तिकेत यातल्या प्रत्येक गोष्टीला मनाई आहे आणि भाडेकरारावर सही करताना ती पुस्तिका सगळ्यांनीच घेतलेली असते. ऑफिसात तक्रार केली की "बघतो" एवढेच उत्तर मिळते. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा किंवा न्यूयॉर्कच्या ग्रामीण भागातल्या पार्कांत ही तक्रार नवी नाही. जागा मालकाची आणि तिच्यावरचे घर रहिवाशाचे, ही तिथली मूळ मांडणी. पण नियम स्वतः लिहिणारा मालक ते राबवताना मागे का सरतो, हे त्या मांडणीवरून लगेच उलगडत नाही. त्यासाठी गेल्या पन्नासेक वर्षांचे कायदे पाहावे लागतात.

त्याआधीचा काळ थोडक्यात सांगता येतो. १९२० आणि ३० च्या दशकांत गाडीमागे ओढायची फिरती घरे, म्हणजे ट्रेलर, आली आणि गावाबाहेर त्यांचे तळ पडले. दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्रीच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी केंद्र सरकारने ट्रेलर हजारोंनी विकत घेतले. पन्नाशीच्या दशकात त्यांची रुंदी दहा फुटांवर गेली आणि ते गाडीमागून सहज न्यायचे वाहन राहिले नाहीत. १९७२ साली एका वर्षात सुमारे पावणेसहा लाख घरे बनली. १९७४ मध्ये बांधकामाच्या दर्जाचा केंद्रीय कायदा झाला आणि त्याचे नियम जून १९७६ पासून लागू झाले. त्याआधी बांधलेली घरे आजही दुसऱ्या पार्कात सहसा कोणी घेत नाही, म्हणून ती जिथे उभी राहिली तिथेच राहिली.

घर हलवता येत नाही हे एकदा स्पष्ट झाले की पार्कमालकाच्या हातात किती ताकद आली हे कळते. साठ-सत्तरच्या दशकांत कित्येक पार्कांत जागा हवी असेल तर घर मालकाकडूनच घ्यावे लागे, आत येण्याचे वेगळे शुल्क भरावे लागे आणि मर्जी खप्पा झाली की महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडावे लागे. नियमपुस्तिका या व्यवस्थेचाच भाग होती. गवत किती उंच, पडदे कोणत्या रंगाचे, पाहुणा किती दिवस राहणार, हे मालक लिहून देई. नको असलेल्या माणसाला काढायचे झाले की त्यातला एखादा नियम उपयोगी पडे. त्या काळातली रहिवाशांची तक्रार आजच्या बरोबर उलटी होती. मालक नियम फार राबवतो, तेही माणूस बघून राबवतो, असे ते म्हणत.

कायदे झाले ते या तक्रारीवर. न्यूयॉर्कने १९७४ मध्ये, कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये आणि फ्लोरिडाने १९८४ मध्ये पार्करहिवाशांसाठी स्वतंत्र तरतुदी केल्या. तिन्ही ठिकाणी गाभा एकच होता: कायद्यात दिलेल्या कारणाशिवाय कोणाला पार्कबाहेर काढायचे नाही. नियमभंग हे त्या कारणांपैकी एक राहिले, पण त्याभोवती कुंपण घातले गेले.

कॅलिफोर्नियातले कुंपण बघण्यासारखे आहे. नियम मोडला तर मालकाने आधी लेखी नोटीस द्यायची. सात दिवसांत रहिवाशाने चूक सुधारली तर प्रकरण तिथेच मिटते. तोच नियम बारा महिन्यांत तीनदा मोडल्याच्या नोटिसा दिल्या गेल्या असतील, तर मात्र पुढच्या वेळी सुधारायची संधी द्यावी लागत नाही. त्यानंतर जागा सोडण्याची साठ दिवसांची नोटीस. तिच्यात नुसते "नियमभंग" लिहून चालत नाही. तारीख, ठिकाण, साक्षीदार आणि परिस्थिती समजेल इतका तपशील द्यावा लागतो. नव्या लेखकांच्या मांडणीत हा साक्षीदाराचा भाग बहुतेक निसटतो, पण माझ्या मते अर्धे उत्तर तिथेच आहे. मॅनेजर तक्रार घेऊन आलेल्या शेजाऱ्याला विचारतो, "तुम्ही कोर्टात येऊन सांगाल का?" शेजारी गप्प बसतो, कारण भिंतीला भिंत लावून त्याच माणसाशेजारी त्याला आणखी वीस वर्षे काढायची असतात. फाईल तिथेच बंद होते आणि मालक हात झटकतो असे बाहेर दिसते. काही वेळा तो खरोखरच झटकतो. भाडे दरमहा जमा होत असते, वकील महाग असतो आणि खटला हरलो तर समोरच्याच्या वकिलाचे बिलही आपल्यावर येण्याची भीती असते.

याच काळात मालकांची बाजू केंद्रीय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सॅन दिएगोजवळच्या एस्कॉन्डिडो शहराने १९८८ मध्ये मतदारांच्या कौलाने पार्कांतली भाडी १९८६ च्या पातळीवर परत नेली. मालकांचे म्हणणे असे की एकीकडे राज्य रहिवाशाला काढू देत नाही, दुसरीकडे शहर भाडे वाढवू देत नाही, म्हणजे आमची जमीन कायमची दुसऱ्याच्या ताब्यात गेली. १९९२ मध्ये न्यायालयाने ते एकमताने अमान्य केले. मालकाने जमीन स्वखुशीने भाड्याने दिली आहे, ती कोणी बळाने घेतलेली नाही, असा त्याचा आशय. शंभरातले जेमतेम एक घर कधी हलते, हा आकडा त्याच निकालपत्रात आहे. भाड्यावर मर्यादा असलेल्या शहरांत मालकाचा नियम राबवण्यातला रस आणखी आटला असे मालकवर्ग सांगतो. ते पूर्ण पटत नाही, कारण भाडेनियंत्रण नसलेल्या राज्यांतही हीच रड ऐकू येते.

आता मुख्य वादाकडे. नियमपुस्तिका हा मालकाचा रहिवाशांवरचा अधिकार आहे, की सगळ्या रहिवाशांना त्याने दिलेला शब्दही आहे? शेजारी नियम मोडत असेल आणि मालक स्वस्थ बसला असेल, तर त्रास सोसणारा रहिवासी मालकावर दावा करू शकतो का?

जुन्या इंग्रजी-अमेरिकी कायद्याचे उत्तर जवळजवळ नाही असेच होते. भाडेकरूला जागेचा निर्वेध उपभोग मिळेल हे वचन प्रत्येक भाडेकरारात गृहीत धरले जाई, पण त्याचा अर्थ इतकाच की मालक स्वतः अडथळा आणणार नाही. दुसरा भाडेकरू त्रास देत असेल तर ते त्या दोघांचे भांडण. मालकाची फूस असेल तरच त्याला जबाबदार धरत. सत्तरच्या दशकात भाडेकायदा एकूणच बदलला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९७० साली आणि कॅलिफोर्नियात १९७४ साली न्यायालयांनी जागा राहण्यायोग्य ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. त्याच दशकाच्या उत्तरार्धात कायदेपंडितांच्या एका प्रतिष्ठित संकलनाने आणखी पुढचे पाऊल सुचवले. त्रास देणारा माणूस मालकाच्याच जागेत असेल आणि मालकाला कायद्याने त्याला आवरता येत असेल, तर न आवरणे हाही मालकाचाच दोष मानावा.

पार्कांच्या संदर्भात हा विचार नेमका कसोटीला लागला तो २००५ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयात. एका पार्कातल्या रहिवाशांची तक्रार होती की शेजारी वर्षानुवर्षे छळतो आहे, नियमपुस्तिकेत अशा वागण्याला बंदी आहे, वारंवार सांगूनही व्यवस्थापन काही करत नाही. खालच्या न्यायालयाने सुनावणीआधीच दावा निकालात काढला होता. अपील न्यायालयाने ते पूर्णपणे मान्य केले नाही. मालकाच्या हाती दुसऱ्या भाडेकरूला आवरण्याचे साधन असेल आणि तो ते वापरत नसेल, तर निर्वेध उपभोगाचे वचन मोडल्याचा दावा उभा राहू शकतो, असा त्याचा रोख होता. भाडेकरूला त्यासाठी घर सोडायचीही गरज नाही. जागेवर राहूनच नुकसानभरपाई मागता येते, हेही निकालात अधोरेखित झाले.

निकालातला हा दुसरा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण पार्कवासीयांसाठी तोच मोलाचा. अपार्टमेंटच्या भाडेकरूला पूर्वी सांगत, इतका त्रास असेल तर सोडून जा आणि मग भरपाई माग. स्वतःचे घर दुसऱ्याच्या जमिनीवर रोवून बसलेल्या माणसाला हा सल्ला निरुपयोगी. घर हलवायचा खर्च कित्येक हजार डॉलर आणि जुने घर घेणारे पार्क शोधूनही सापडत नाही.

निकालावर दोन्हीकडून टीका झाली. मालकांचे वकील म्हणाले की आता आम्ही शेजाऱ्यांच्या भांडणात पंच झालो: नोटीस दिली तर एक दावा लावणार, नाही दिली तर दुसरा. रहिवाशांची बाजू घेणाऱ्यांची कुरकुर अशी की दावा करण्याचा दरवाजा उघडला, पण मालकाने नेमके किती केले म्हणजे पुरे, हे कोणी सांगितले नाही. एक पत्र पाठवले की जबाबदारी संपली का? तीन पाठवली तर? कायद्यातही तसे मोजमाप नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा मालकाला आणि त्याच्या नोकरांना पार्कचे नियम रहिवाशांप्रमाणेच पाळायला लावतो, मात्र इतरांकडून ते पाळून घेतलेच पाहिजेत असे सरळ शब्दांत कुठे म्हणत नाही. ही फट ठेवण्यात विधिमंडळाचा निष्काळजीपणा होता की दोन्ही गटांची समजूत काढण्याची कसरत, हे ज्याने त्याने ठरवावे. मला दुसरी शक्यता जास्त वाटते.

नियम पडून राहिला की तो मरतोही. मालकाला उल्लंघन माहीत असून तो भाडे घेत राहिला, तर त्याने तो हक्क सोडला असा बचाव पुढे करता येतो. एकाला सूट आणि दुसऱ्याला नोटीस, हे तर आणखी धोक्याचे. न्यूयॉर्कच्या कायद्यात ते लिहूनच ठेवले आहे: नियम सगळ्यांना सारखा लावला नसेल तर तो अवाजवी आहे असे गृहीत धरले जाईल, आणि तसे नाही हे मालकाने सिद्ध करायचे. म्हणजे आळशी मालकाच्या पार्कात काही वर्षांनी नवा कडक मालक आला तरी त्याला जुनी पुस्तिका जशीच्या तशी उचलता येत नाही. कॅलिफोर्नियात अशा वेळी नियम नव्याने करावा लागतो. त्यासाठी आधी रहिवाशांशी बैठक, आणि त्यांची संमती नसेल तर सहा महिने थांबणे.

एका बाबतीत मात्र नियम न राबवण्याची किंमत मालकालाच मोजावी लागते. घर देताना भेदभाव रोखणाऱ्या केंद्रीय कायद्यातल्या १९८८ च्या दुरुस्तीने मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारणे बेकायदा ठरवले आणि मार्च १९८९ पासून ते लागू झाले. ज्येष्ठांच्या पार्कांना सवलत होती, पण तिच्यासाठी ज्येष्ठांकरिता खास सोयी असणे आवश्यक होते. म्हणजे नेमके काय, यावर अनेक वर्षे खटले चालले. १९९५ मध्ये ती अट काढली गेली. उरले ते हिशेबाचे: राहत्या घरांपैकी किमान ८० टक्क्यांत पंचावन्न वर्षे पूर्ण झालेली एक तरी व्यक्ती हवी, पार्कने आपले धोरण जाहीर करून ते प्रत्यक्ष पाळायला हवे, आणि रहिवाशांच्या वयाची नोंद ठरावीक काळाने अद्ययावत करायला हवी. वयाचा नियम कागदावर ठेवून कोणालाही जागा देत सुटलेल्या पार्काची सवलत जाऊ शकते. मग मुलांना मज्जाव करणारी त्याची जुनी पाटी हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा.

वंश, धर्म किंवा अपंगत्वावरून शेजारी छळत असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी म्हटले की असा छळ मालकाला माहीत असेल, थांबवायचा अधिकार त्याच्याकडे असेल आणि तरीही तो थांबवला नाही, तर तो जबाबदार. २०२१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका अपार्टमेंट संकुलाच्या खटल्यात तिथल्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या विस्तृत पीठाने विभागलेल्या मतांनी उलटा सूर लावला. भाडेकरूंवर मालकाचे सर्वसाधारणपणे तेवढे नियंत्रण नसते, असे बहुमताचे म्हणणे. पार्कात ते नियंत्रण अपार्टमेंटपेक्षा जास्त असते की कमी, यावर वकील आजही भांडतात.

गेल्या दीड दशकात मोठ्या गुंतवणूक कंपन्यांनी पार्क विकत घेण्याचा सपाटा लावला आणि तक्रारीचा पत्ताच बदलला. पन्नास किंवा जास्त जागा असलेल्या पार्कात जबाबदार माणूस आतच राहिला पाहिजे, असे कॅलिफोर्नियाचा कायदा सांगतो. तो माणूस असतोही, पण नोटिशीचा निर्णय दूरच्या शहरातले कार्यालय घेते आणि त्या कार्यालयाला गवताच्या उंचीपेक्षा भाडेवाढीत रस असतो. दुसरा मार्ग १९८४ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या मेरेडिथ गावात सुरू झाला, जिथे रहिवाशांनीच सहकारी संस्था करून पार्क विकत घेतले. आज देशभर असे शेकडो पार्क आहेत. तिथे मालक म्हणजे आपणच निवडलेली समिती. मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण सोसायटीत राहिलेल्याला पुढचे सांगायला नको: पार्किंग अडवणाऱ्या सभासदाला नोटीस काढायची वेळ आली की सेक्रेटरीला त्याचे पुढच्या निवडणुकीतले मत आठवते.

बाकी उरलेले उपाय कायद्यातच आहेत, पण विखुरलेले. पार्कच्या नियमाचा गंभीर भंग कॅलिफोर्नियात सार्वजनिक उपद्रव मानला जातो आणि त्यावर दिवाणी दावा लावण्याचा अधिकार मालकाबरोबर रहिवाशालाही आहे. ही तरतूद पार्कांत कमीच लोकांना माहीत असते. नियम सतत मोडणाऱ्याविरुद्ध न्यायालयाचा मनाई हुकूम मिळवण्याची वेगळी, सुटसुटीत वाट आहे, पण ती फक्त व्यवस्थापनासाठी. जागा सोडायला न लावता नियम पाळून घेण्याचे हे साधन हाताशी असताना "आम्ही काय करणार" हे उत्तर टिकत नाही, आणि २००५ च्या निकालानंतर तर मुळीच नाही. जुलै २०२० पासून राज्याकडे तक्रार नोंदवता येते. त्यासाठी दर जागेमागे वर्षाला दहा डॉलर रहिवाशांकडूनच घेतले जातात. पण करारातल्या वादात मध्यस्थी, वाटाघाटी किंवा कायदेशीर सल्ला देण्याची त्या यंत्रणेला मनाई आहे, त्यामुळे शेजाऱ्याच्या स्पीकरचे प्रकरण तिथून बहुतेक रिकाम्या हाती परत येते. मग उरते ते लघुवाद न्यायालय. २०२४ पासून तिथे व्यक्तीला साडेबारा हजार डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो. नियमाचा क्रमांक, प्रत्येक तक्रारीची तारीख आणि ऑफिसला दिलेल्या पत्रांच्या प्रती जवळ असतील, तर निर्वेध उपभोग हिरावल्याबद्दल मालकाकडून भरपाई मागता येते.