मटमधला फोल्डर-हुक: पार्श्वभूमी

मट हा टर्मिनलवर, म्हणजे फक्त मजकुराच्या पडद्यावर, मेल वाचण्याचा प्रोग्राम; फोल्डर-हुक ही त्यातली फोल्डरागणिक सेटिंग बदलण्याची सोय. त्याआधीचा तसाच प्रोग्राम, एल्म, डेव्ह टेलर यांनी १९८६ साली लिहिला, तेव्हा टर्मिनलवर मेल वाचणाऱ्याला मेलचा क्रम एकदाच ठरवावा लागे. एल्मआरसी या सेटिंगच्या फाइलमधली ती ओळ सगळ्या फोल्डरांना लागू होई. सगळी मेल एकाच इनबॉक्समध्ये पडत होती तोवर हे पुरेसे होते. १९९० मध्ये मेलची वर्गवारी करणारा प्रॉकमेल आला. येणारी मेल हेडर (प्रेषक, विषय वगैरे वरच्या ओळी) बघून आपोआप वेगवेगळ्या फोल्डरांत जाऊ लागली आणि प्रत्येक फोल्डरची गरज वेगळी झाली: चर्चेला थ्रेड (मेल आणि तिची उत्तरे एकत्र) हवेत, इनबॉक्सला तारखेचा क्रम, पाठवलेल्या मेलच्या यादीत स्वतःच्या नावाऐवजी ज्याला मेल पाठवली त्याचे नाव.

मायकेल एल्किन्स यांच्या १९९५ च्या मटचा चेहरा एल्मचा, थ्रेड दाखवण्याची पद्धत न्यूजग्रुप वाचण्याच्या स्लर्न या प्रोग्रामसारखी. फोल्डरांचा प्रश्न त्याने फोल्डर-हुकने सोडवला: आधी फोल्डरच्या नावाशी जुळवायचे रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचा नमुना), पुढे चालवायची आज्ञा. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पाइन या मेल-प्रोग्रामने आणि त्याच्या वारसदार अल्पाइनने वेगळी वाट घेतली. तिथे सेटअपमधल्या ‘रूल्स’मध्ये, ‘अदर’ या प्रकाराखाली, फोल्डरचा क्रम ठरतो. नियम जुळला नाही तर मूळ सेटिंग लागते.

मटमध्ये तसे होत नाही. सेटिंग फोल्डरला चिकटलेले नसते. फोल्डर उघडताना एक आज्ञा चालते, एवढेच. आधीचे मूल्य मट कुठेही जपून ठेवत नाही. म्हणून थ्रेडच्या फोल्डरमधून इनबॉक्समध्ये आलात तरी क्रम थ्रेडचाच राहतो. उपाय असा की सर्वात आधी फक्त एका टिंबाचा, म्हणजे कोणत्याही नावाशी जुळणारा हुक लिहून त्यात मूळ मूल्ये द्यायची आणि खास फोल्डरांचे हुक त्याखाली ठेवायचे. हुक फाइलमधल्या क्रमानेच चालतात; टिंबाचा हुक शेवटी गेला तर वरचे सगळे पुसून टाकतो. जी जी मूल्ये खास हुक बदलतात, ती सगळी टिंबाच्या हुकात हवीत. प्रेषकाचा पत्ता यात विसरता कामा नये, नाहीतर कार्यालयाचा पत्ता खासगी मेलवर जातो.

रेग्युलर एक्स्प्रेशनमुळे आणखी एक घोटाळा होतो. ‘काम’ हा नमुना ‘काम-जुने’ या फोल्डरशीही जुळतो. नमुन्याच्या शेवटी डॉलरचे चिन्ह दिले की हे थांबते. अर्धविरामाने जोडलेल्या दोन आज्ञा एकाच अवतरणात हव्यात. अवतरण नसेल तर दुसरी आज्ञा हुकचा भाग होतच नाही: फाइल वाचतानाच एकदा चालून जाते आणि मट चूकही दाखवत नाही. हे शोधायला फार वेळ जातो. अवतरण एकेरी ठेवलेले बरे, कारण दुहेरीत डॉलरने सुरू होणाऱ्या नावांच्या जागी फाइल वाचतानाच त्यांची मूल्ये बसतात.

आयमॅपची (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचण्याची पद्धत) एकाहून जास्त खाती आली तेव्हा फोल्डर-हुक अपुरा पडला. पासवर्ड फोल्डर उघडण्याआधीच लागतो, नवी मेल तपासताना आणि पाठवलेल्या मेलची प्रत ठेवतानाही लागतो. त्यासाठी अकाउंट-हुक आहे. तो केव्हा चालेल याचा नेम नसल्याने त्यात फक्त पासवर्ड, टनेल (सर्व्हरशी जोडून देणारी आज्ञा) असे जोडणीचे सेटिंग लिहावे. प्रेषकाचे नाव आणि पत्ता फोल्डर-हुकमध्येच.