गतिमान वस्तू आणि यांत्रिक ऊर्जेची अक्षय्यता

वस्तूच्या गतिज (गतीमुळे असलेल्या) आणि स्थितिज (उंचीमुळे किंवा ताणलेल्या स्प्रिंगमुळे साठलेल्या) ऊर्जेच्या बेरजेला यांत्रिक ऊर्जा म्हणतात. वस्तूवर कार्य करणारे बल फक्त गुरुत्वाकर्षणाचे किंवा आदर्श स्प्रिंगचे असेल, तर ही बेरीज बदलत नाही; एकीत जेवढी घट, तेवढीच दुसरीत भर. यालाच यांत्रिक ऊर्जेची अक्षय्यता म्हणतात. न्यूटनच्या नियमांनी गणित सोडवताना वाटेतल्या प्रत्येक क्षणाचे बल मांडावे लागते. ऊर्जेच्या हिशेबाला मात्र सुरुवात आणि शेवट एवढ्या दोनच जागा पुरतात.

नागपंचमीचा झोका घ्या. दोर २ मीटर लांब आहे आणि झोका उभ्या रेषेपासून ६०° पर्यंत मागे नेऊन सोडला आहे. त्या वेळी बसणारा सर्वांत खालच्या जागेपेक्षा बरोबर १ मीटर उंच असतो. खाली येईपर्यंत या १ मीटरची स्थितिज ऊर्जा (वस्तुमान × गुरुत्व त्वरण ९.८ × उंची) गतिज (१/२ × वस्तुमान × चाल²) होते, म्हणून चाल² = २ × ९.८ × १, आणि चाल सेकंदाला सुमारे ४.४ मीटर, म्हणजे ताशी जवळपास १६ किलोमीटर येते. वस्तुमान दोन्ही बाजूंना असल्याने गळून जाते. झोक्यावर लहान मूल बसो की मोठे माणूस, हवेचा रोध सोडला तर उत्तर तेच.

इथे बहुतेक विद्यार्थी अडतात ते दोराच्या ताणापाशी. दोर तर सतत ओढतोय, मग त्याचे कार्य, म्हणजे बलाने वस्तू सरकवून दिलेली ऊर्जा, कुठे गेले? दोराची ओढ नेहमी टांगलेल्या जागेकडे असते आणि झोक्याची गती त्या ओढीला काटकोनात, म्हणून ताणाचे कार्य शून्य. हा ताण काही कमी नसतो. वरील झोक्यात खालच्या टोकाला तो बसणाऱ्याच्या वजनाच्या दुप्पट भरतो. पण तो ऊर्जेच्या समीकरणातून मिळत नाही: आधी ऊर्जेने चाल काढायची, मग न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने ताण. उभ्याने गुडघे वाकवून आणि पुन्हा ताठ होऊन झोका चढवला जातो, तेव्हा स्नायू कार्य करतात आणि यांत्रिक ऊर्जा वाढत जाते. तिथे हे समीकरण जसेच्या तसे लावणे चूक आहे.

उंचीचे हे महत्त्व गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात फार सुंदर दाखवले आहे. बारीक दोऱ्याला टांगलेली शिशाची गोळी बाजूला नेऊन सोडली की ती पलीकडे जवळपास तेवढ्याच उंचीवर जाते. आता दोऱ्याच्या वाटेत भिंतीवर एक खिळा ठोकायचा. दोरा खिळ्याला अडतो, गोळी छोट्या वर्तुळात वळते, तरी चढते त्याच आडव्या रेषेपर्यंत. खिळा फारच खाली असेल तर गोळीला तेवढी उंची गाठायला जागाच उरत नाही आणि दोरा खिळ्याभोवती गुंडाळला जातो. हा प्रयोग घरी पाच मिनिटांत होतो. नियम पाठ करण्याआधी तो प्रत्येकाने करून पाहावा.

गतिज ऊर्जेत चालीचा वर्ग का, हा प्रश्नही प्रयोगानेच सुटत गेला. नेदरलँड्समधल्या लाइडनचे भौतिकशास्त्रज्ञ ग्राव्हसांड यांनी १७२२ मध्ये पितळी गोळे मऊ चिकणमातीत पाडले, तेव्हा मातीत पडणारा खड्डा चालीच्या नव्हे, चालीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढताना दिसला. फ्रेंच विदुषी एमिली द्यू शातले यांनी १७४० च्या ग्रंथात चालीच्या वर्गाची हीच बाजू हिरिरीने मांडली. सूत्रातला १/२ बराच नंतर, १८२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिसच्या मांडणीत आला.

उतारावरच्या गणितात वस्तू घसरते की गरंगळते, हे आधी पाहावे. ०.७ मीटर उंचीवरून घर्षणाशिवाय घसरणारा ठोकळा तळाशी सेकंदाला ३.७ मीटर चालीने पोचतो. त्याच उंचीवरून गरंगळणाऱ्या भरीव गोळ्याची चाल ३.१ मीटर, तर पातळ कड्याची फक्त २.६ मीटर. ऊर्जा कुठेही हरवलेली नाही. तिचा काही भाग स्वतःभोवती फिरण्यात गेला आहे. कड्याचे सगळे वस्तुमान काठावर असल्याने त्याची निम्मी गतिज ऊर्जा फिरण्यातच जाते. न घसरता गरंगळताना जमिनीचे घर्षण असते, पण संपर्काचा बिंदू त्या क्षणी स्थिर असल्याने ते कार्य करत नाही. ‘घर्षण आले की अक्षय्यता संपली’ हे सरधोपट वाक्य म्हणूनच टाळावे.

घसरण्यातले घर्षण मात्र यांत्रिक ऊर्जा खाते आणि तिची उष्णता होते. तेव्हा सुरुवातीच्या ऊर्जेतून घर्षणाचे कार्य वजा करून शेवटची ऊर्जा मांडायची. १ मीटरवरून सोडलेला चेंडू टप्पा खाऊन ६४ सेंटीमीटर चढला, तर ३६ टक्के यांत्रिक ऊर्जा गेली, आणि टप्प्यानंतरची चाल आधीच्या ०.८ पट राहिली.

शून्य उंची कुठे धरायची हे सोडवणाऱ्याच्या मर्जीवर असते, कारण हिशेबात उंचीतला फरकच येतो. मात्र एकदा धरलेली पातळी मध्येच बदलता येत नाही. वेळ आणि दिशा या समीकरणातून मिळत नाहीत. गच्चीवरून एकाच चालीने एक चेंडू वर आणि एक खाली फेकला, तर हवेचा रोध सोडून दोन्ही जमिनीवर सारख्याच चालीने आदळतात. कोणता आधी पोचला, हे सांगायला गतीची समीकरणेच लागतात.